गंगासागरबाईंचा महादेव

बीडात त्या काळी कुणाचं हाड मोडलं की माणूस आधी देवाचं नाव घेई, मग डॉक्टर रविराजांचं, आणि जरा शुद्धीवर आला की हळूच विचारी, "चित्रवाल्या बाई हायेत का ड्यूटीला?"

चित्रवाल्या बाई म्हणजे गंगासागर. रविराजांच्या हाडांच्या दवाखान्यातली थोरली नर्स. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. कपाळावर भस्माची बारीक रेघ, पांढऱ्या साडीच्या निऱ्यांवर कायम कुठला तरी रंग सांडलेला. लिंगायत किराणा दुकानदाराची लेक. पोरवयात तिला ड्रॉइंग मास्तरीण व्हायचं होतं. बापानं तराजूतून मान वर न करता सांगितलं, "चित्रं बघायला लोक फुकट येत्यात. नर्स हो. आजारी माणसाला पर्याय नसतो."

बाप गेला, पण त्याचं बोलणं लेकीनं भलत्याच अर्थानं खरं केलं. पलंगावर पाय टांगून पडलेल्या माणसाला खरंच पर्याय नव्हता. गंगासागर ब्रश घेऊन समोर बसली की त्याला चित्र काढूनच घ्यावं लागे. पायाच्या प्लास्टरवर बैल, घोडा, मोर. हाताच्या प्लास्टरवर वेलबुट्टी. शाळकरी पोरांचे बाटलीतले रंग, आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांना डकवायची चकचकीत बेगड. इंजेक्शन बघून दवाखाना डोक्यावर घेणारा गडीसुद्धा तिच्यापुढं श्वास रोखून पडायचा, कारण ती आधीच दम द्यायची, "हलू नका. मोराची मान मोडंल."

स्वतःच्या पायापेक्षा मोराच्या मानेची काळजी करता करता लोकांचं दुखणं अर्धं कमी व्हायचं. ती हे सगळं रोग्यांसाठी करते, असं डॉक्टर पाहुण्यांना सांगत. ती स्वतः तसं कधी म्हणाली नाही. कौतुकाची तिला भूक होती, आणि तीन वर्षांच्या पोरासारखी ती उघड मागायची, "कसा काढलाय? डोळा बघा ना डोळा. जिवंत वाटतोय का न्हाई?"

डॉक्टरांना आधी हे पसंत नव्हतं. पण नव्वदीची ती मधली वर्षं. गावात एसटीडीचे पिवळे बूथ उगवलेले, घरांवर केबलच्या तारा. अशात समोरच नवा हाडांचा दवाखाना निघाला आणि त्यांनी खोलीखोलीत रंगीत टीव्ही लावला. रविराजांनीही टीव्हीचे भाव काढून आणले. पण महिनाभरातच समोरचे दोन पेशंट कुबड्या टेकत रस्ता ओलांडून आले. टीव्हीवरचा घोडा म्हणे सगळ्यांना तोच दिसतो. त्या दिवसापासून डॉक्टर चित्रांकडं कानाडोळा करू लागले आणि बेगड संपली की स्वतःच आणवू लागले.

गंगासागरचा एकच नियम होता, देव काढायचा नाही. पायावर तर नाहीच नाही, हातावरही नाही. प्लास्टर आज ना उद्या कापायचं असतं, आणि मोर कापला तर मोर तक्रार करत नाही. एवढी अक्कल तिला होती. पण तिचं कौतुक करणारा माणूस समोर आला की ती अक्कल जरा बाहेर फिरायला जायची.

तो माणूस म्हणजे उमापूरचे विठ्ठलराव.

विठ्ठलराव गेवराई तालुक्यातले बागायतदार आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीतले उमेदवार. प्रचाराच्या पहिल्याच फेरीत जीपच्या पायरीवर उभे होते. चौकात गर्दी दिसली. गर्दी दिसली की विठ्ठलरावांचे हात आपोआप जोडले जात. तसे ते जोडले गेले. जीप चालू होती आणि दांडी सुटली. विरोधकांनी नंतर सांगितलं, उभ्या आयुष्यात ह्या माणसानं एकदाच मनापासून नमस्कार केला, आणि तोच अंगाशी आला.

उजवा हात मोडला. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत, गळ्यात झोळी. विठ्ठलराव पलंगावर बसून हळहळत होते.

"सिस्टर, आता मतं मागू कशी? एका हातानं नमस्कार केला तर लोकांना वाटतंय मारायला उचललाय."

शेजारच्या पलंगावर त्यांच्याच गावचा आश्रुबा पडला होता. विहिरीवरून घसरून पाय मोडलेला, पायाच्या प्लास्टरवर गंगासागरनं काढलेला पांढराशुभ्र बैल, आणि तोंड मात्र अजिबात न मोडलेलं. तो म्हणाला, "आण्णा, कावून रडता? बाईकडनं हातावर काढून घ्या काहीतरी. लोक हात बघतील, तुमच्या तोंडाकडं कुणाचं ध्यान जाणार न्हाई. ते तुमच्या फायद्याचंच हाय."

विठ्ठलरावांनी बैल निरखून बघितला. मग ज्या नजरेनं ते मतदारांकडं बघत त्या नजरेनं गंगासागरकडं बघितलं.

"काय हात हाय तुमचा! असा कलाकार बीडात हाय आणि आमाला पत्ता न्हाई? सिस्टर, मी निवडून आलो की झेडपीच्या हॉलात तुमच्या चित्रांचं प्रदर्शन. आपला शब्द. माझ्या हातावर महादेव काढा."

बाप तराजू घेऊन समोर असता तर त्यानं लेकीला अडवलं असतं. पण प्रदर्शन हा शब्द गंगासागरनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाजवळ ऐकला होता. तिनं नुसता महादेव काढला नाही. मागं कपिलधारचा धबधबा काढला, त्याखाली काळीभोर पिंड, पिंडीवर बेलाची तीन पानं, आणि पिंडीवरचं पाणी वाहून जायची साळुंकेची पन्हळ बरोबर बोटांच्या दिशेनं. धबधब्याच्या पाण्याला बेगडेची चमक. काढून झाल्यावर ती स्वतःच दोन पावलं मागं सरली आणि कौतुक करायला कुणाला विसरू दिलं नाही.

तो हात उमापुरात गेला आणि तो हात राहिला नाही.

विठ्ठलरावांच्या पत्नी छबुबाई. त्यांनी दारातच नवऱ्याला थांबवलं, हाताला हळद-कुंकू लावलं, बेल वाहिला, ओवाळलं आणि मग नवऱ्याला आत घेतलं. नवऱ्याकडं बघितलं का, हे ठाऊक नाही. पाणी तेवढं घातलं नाही, कारण गंगासागरनं बजावलं होतं, "वहिनी, प्लास्टरला पाणी लागू द्यायचं न्हाई. देव असला तरी." दुसऱ्या दिवसापासून बाया दर्शनाला. मग भजनी मंडळ. मग विठ्ठलराव प्रचाराला निघाले की गावोगाव माणसं वाकून त्यांच्या हाताला डोकं टेकवू लागली. ज्यांनी आजवर ह्या माणसाला रामराम केला नव्हता, तेही वाकले. विठ्ठलराव डोळे मिटून आशीर्वाद देत. मोडलेल्या हाताला धड हातापेक्षा जास्त मतं पडणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

मग प्लास्टर कापायचा दिवस आला.

एक्स-रे झाला. हाड झकास जुळलेलं. डॉक्टरांनी करवतीचं यंत्र सुरू केलं, त्याची भुंग्यासारखी घरघर सुरू झाली, तोच बाहेरून "हर हर महादेव" अशी गर्जना झाली. दोन जीप भरून कार्यकर्ते आले होते. छबुबाई दारात उभ्या राहिल्या.

"डॉक्टरसाहेब, देवावर करवत चालवणार तुमी?"

"वहिनी, हे प्लास्टर आहे."

"असंल. पर हजार लोकांनी डोकं टेकलंय त्याला."

विठ्ठलराव मध्ये पडले, पण भलत्याच बाजूनं. "डॉक्टर, मतदान होऊ द्या. मग बघू."

"अहो, मनगट आखडेल! हात कायमचा वाकडा राहील. जेवताना घास तोंडाऐवजी कानाकडं जाईल."

"जाऊ द्या. निवडून आलो की घास भरवायला माणसं लागतील."

जीपा धुरळा उडवत गेल्या. डॉक्टरांनी घाम पुसला. त्यांची अडचण सरळ होती. आज करवत चालवली तर दवाखान्यावर दगड येणार होते. नाही चालवली आणि हात वाकडा राहिला, तर विठ्ठलराव तोच वाकडा हात तालुकाभर दाखवून सांगणार होते, बघा, रविराजनं काय केलं. टीव्हीवाला समोर बसलाच होता. त्यांनी गंगासागरला केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्ही चढवलात तो महादेव, तुम्हीच उतरवा. ह्या आठवड्यात हा माणूस प्लास्टर कापायला आपण होऊन आला तर ठीक. नाही आला, तर एक तारखेपासून दुसरीकडं बघा. आणि ब्रश आजपासून बंद."

नोकरी जाणार ह्याची तिला भीती वाटली. पण ब्रश बंद हे ऐकल्यावर तिचे डोळे भरले, हे खरं. डॉक्टरांना वाटलं, नोकरीसाठीच रडते आहे.

घरी नवरा वीरभद्र. ह्याचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. लोकांनी प्लॅस्टिकच्या बादल्या घेतल्या तसं दुकान बसलं, आणि त्यानं तिथंच एसटीडीचा बूथ टाकला. काचेआड गिऱ्हाइकानं कितीही हळू बोलावं, वीरभद्रला सगळं ऐकू जायचं. पत्नीच्या ह्या प्रकरणाची बातमी त्याला पत्नीच्या आधी कळली होती.

"झालं का प्रदर्शन?" तो म्हणाला.

"आवं, तुमी तरी टोचू नका."

"मी कुटं टोचतोय? टोचणं तुझं काम. एवढं आयुष्य काढलं, एक भांडं विकताना कधी देवाचं नाव घेतलं न्हाई मी. तू थेट देवच चिकटवलास, तेबी पुढाऱ्याला."

तिनं दुसऱ्या दिवशी उमापूरला निरोप धाडून बघितला, महादेवावर पांढरा रंग देते, मग कापू. छबुबाईंचा उलटा निरोप आला, देवाला चुना फासणाऱ्या तुम्ही कोण?

पुढच्या सकाळी आश्रुबाला घरी सोडायचं होतं. गंगासागर त्याच्या बैलाला शेवटचा हात फिरवत होती. ब्रश बंद असला तरी सुरू केलेलं चित्र पुरं करू नका, असं डॉक्टर म्हणाले नव्हते.

आश्रुबा म्हणाला, "बाई, एक इचारू का? परवा आण्णा आमाला बघायला आलते, तवा त्या मावळतीच्या खिडकीकडं तोंड करून बसले. त्यांच्या महादेवाचं पाणी दक्षिणेला चाललं होतं. आमच्या गावच्या देवळात तर उत्तरेला जातंय."

गंगासागरचा ब्रश बैलाच्या शेपटीवरच थांबला.

देवळातल्या पिंडीची पन्हळ उत्तरेला असते, हे खरं. पण चित्रातल्या पिंडीला, त्यातही गळ्यात अडकवून जीपमधून हिंडणाऱ्या पिंडीला हा कायदा लागू आहे का, हे तिला अजिबात ठाऊक नव्हतं. आणि कुणाला विचारायला जावं, एवढी ती भोळी नव्हती.

"आश्रुबा," ती म्हणाली, "तुमचं ध्यान हाय म्हणून बरं. चूकच झाली माझी. सांगायचं राहून गेलं. गावात गेल्यावर वहिनींच्या कानावर घाला, पाणी उत्तरेलाच जायला पायजे. झोळीतल्या हाताची बोटं डावीकडं, म्हणजे आण्णांचं तोंड कायम पूर्वेला पायजे. मग काही भ्या न्हाई."

आश्रुबानं तिच्याकडं बघितलं. मिश्या जरा हलल्या. "कायम?"

"कायम."

"आन् झोपताना?"

"ते तुमीच ठरवा. मी नर्स बाई, मला देवधर्मातलं काय कळतंय?"

नुसत्या आश्रुबावर अवलंबून राहू नये म्हणून तिनं संध्याकाळी नवऱ्याच्या बूथमधून छबुबाईंना फोन केला, काळजीच्या सुरात. फोन ठेवल्यावर वीरभद्र काचेवर टिचकी मारून म्हणाला, "हे बिल मी घेणार न्हाई. एवढी करमणूक फुकट कुटं मिळती?"

तिनं एकच नियम दिला होता. बाकीचे उमापूरनं पुरवले. अंगावर महादेव आहे म्हटल्यावर मटण बंद. गावोगाव कार्यकर्त्यांच्या पंगतीत रस्सा वाफाळत असायचा आणि विठ्ठलराव शेजारी बसून छबुबाईंच्या हातनं दहीभात खायचे. संध्याकाळची ती दुसरी गोष्टही बंद. तिच्याविना त्यांची सभा रंगत नसे, हे सगळ्या तालुक्याला माहीत. पायात चप्पल नको. रात्री पाणी उत्तरेला जावं म्हणून पलंग फिरवला, तर पाय देव्हाऱ्याकडं आले. मग पलंग ओसरीत. सकाळचे विधी कसे उरकत, हे विचारू नये. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

आणि आश्रुबा! तो कुबड्या टेकत रोज वाड्यासमोर हजर. "महादेवासमोर नंदी नको का?" असं म्हणून आपला बैलाचा पाय विठ्ठलरावांच्या समोर पसरून बसायचा. जेवणाच्या वेळेलाही. नंदीला उठ म्हणायची कुणाची छाती?

तरीही विठ्ठलरावांनी हे सगळं सोसलं असतं. मताला काय सोसावं लागतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण त्यांचा घात केला दिशेनं.

उमापूरच्या पूर्वेकडची गावं बरी गेली. जीप पुढं चाललेली, तोंड पूर्वेला, हात जागेवर. परत येताना मात्र आण्णा जीपमध्ये उलटे बसून, ज्या गावांना निरोप दिला त्यांच्याकडंच बघत बघत घरी आले. पोरं जीपमागं धावली. मग पश्चिमेच्या वाड्या-तांड्यांची पाळी. जीप पुढं, उमेदवार मागं बघतोय. गावात शिरताना लोकांना आधी त्यांचा टाळूवरचा चंद्र दिसायचा. एका वाडीत सभा होती शाळेच्या पटांगणात. लोक बसले पश्चिमेला, कारण तिथंच सावली. पूर्वेला शाळेची भिंत. विठ्ठलराव उठले, मान तिरकी करून बघितलं, छबुबाईंनी डोळे वटारले, आणि त्यांनी अर्धा तास भिंतीला मतं मागितली. विजेचा, पाण्याचा, रस्त्याचा शब्द दिला, तोही भिंतीलाच. कर्ण्यातून आवाज येत होता, त्यामुळं लोकांना ऐकू आलं. पण एक म्हातारी उठून म्हणाली, "आमच्याकडं तोंड बी करवत न्हाई का ह्याला? अजून निवडून बी आला न्हाई की!"

रात्रीपर्यंत विरोधकांनी ते सगळ्या वाड्यांत पोचवलं. आत्ताच पाठ फिरवली, निवडून आल्यावर तोंड दाखवील का?

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यासमोर जीप थांबली. दवाखान्याचं दार पूर्वेला. आत जायचं तर तोंड पश्चिमेला होणार. म्हणून विठ्ठलराव पाठमोरे, दोन कार्यकर्त्यांच्या खांद्यांना धरून, पायऱ्या चढले. समोरच्या टीव्हीवाल्या दवाखान्याचे पेशंट टीव्ही सोडून खिडकीत आले.

"काढा हो सिस्टर," विठ्ठलराव हात जोडायला गेले आणि हात जुळला नाही म्हणून आणखी कळवळले. "काढा हे. देवाला काही करा, पर मला चारी दिशा मोकळ्या करा."

डॉक्टरांनी यंत्राकडं हात नेला. छबुबाई म्हणाल्या, "करवत न्हाई."

आता गंगासागरची पाळी होती. तिनं हात धुतले, पदर खोचला. "वहिनी, गौरी-गणपतीला निरोप देतो तसाच द्यायचा. आधी अक्षता. मग देव चित्रातनं निघून जातो. मग राहतं ते प्लास्टर. आणि चित्रावर करवत लागणारच न्हाई. दोन्ही कडांनी कापू, वरचं टरफल अखंड निघंल. तुमी घरी घेऊन जा."

छबुबाईंनी आधी करवत कुठून कुठं फिरणार ते बोटानं दाखवून घेतलं. मग अक्षता घेतल्या. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवून आरती म्हटली. डॉक्टर करवत हातात धरून अदबीनं उभे राहिले, आणि शेवटच्या ओळीला नकळत त्यांचीही मान हलली.

यंत्र घरघरलं. वरचं टरफल अलगद निघालं, धबधबा, पिंड, बेल, सगळं अखंड. छबुबाईंनी ते नव्या खणावर घेतलं. आणि खालून निघाला विठ्ठलरावांचा हात. वाळलेला, पांढुरका, पापुद्रे निघालेला, वासही जरा येणारा. ज्याला गावोगावच्या लोकांनी डोकं टेकलं तो हाच का, असं कार्यकर्त्यांच्या तोंडावर दिसलं. कुणी वाकलं नाही.

निवडणूक विठ्ठलराव थोडक्यात जिंकले. पूर्वेनं तारलं, पश्चिमेनं जवळजवळ बुडवलं. जिंकल्यावर झेडपीच्या हॉलातलं प्रदर्शन ते विसरले, हे सांगायलाच नको.

गंगासागरची नोकरी राहिली. ब्रशही राहिला. डॉक्टरांनी फक्त दर्शनी भागात पाटी लावली, "प्लास्टरवर देवाचे चित्र काढून मिळणार नाही." त्या पाटीनं दवाखान्याला जेवढे पेशंट आणले, तेवढे कुठल्या जाहिरातीनं आणले नसते. वाचून जो तो विचारी, मग बाकीचं काय काय काढून मिळतं?

पण गंगासागरच्या जिवाला एक लागून राहिलं होतं. आयुष्यात तिनं काढलेलं सगळं कापून कचऱ्यात गेलं होतं. एकच चित्र वाचलं होतं, आणि ते उमापुरात होतं. दिवाळीनंतर तिनं वीरभद्रला गळ घातली आणि दोघं गेली. तो बाहेर मोटारसायकलपाशी थांबला.

छबुबाईंनी तिला देव्हाऱ्यापाशी नेलं. पाटावर, लाल खणात, ते टरफल होतं. गंगासागर वाकली आणि तशीच राहिली. धबधबा नव्हता. बेलाची पानं नव्हती. पिंडीच्या जागी राखी रंगाचा एक डाग, आणि बेगडेचा एक कपटा. बाकी सगळं पांढरं, झिजलेलं, मऊ.

"वहिनी... पाणी घालता तुमी?"

"रोज अभिषेक. आता तर घालायला हरकत न्हाई ना? हातावर व्हता तवा तुमी नको म्हणला व्हता."

"रंग गेला सगळा."

"जाऊ द्या की. तवा लोक नुसतं चित्र बघून जायचे. आता बसतात जरा." छबुबाईंनी बेल सारखा केला. "तुमाला रागबिग आला का?"

"मी पुन्हा काढून देते. रंग आणलेत."

"नको बाई," छबुबाई घाईनं म्हणाल्या. "हाय ते बरंय."

त्या चहा टाकायला आत गेल्या. गंगासागर एकटीच पाटासमोर बसली. पिशवीतल्या रंगाच्या बाटल्यांना तिचा हात लागला आणि परत आला. मग तिच्या लक्षात आलं, रोजच्या पुसण्या-धुण्यात पाट सरकला होता. त्या राखी डागाचा पन्हळीसारखा निमुळता भाग आता पश्चिमेकडं झाला होता.

हा नियम चित्राला लावला कुणी आणि कशासाठी, हे तिच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक होतं? तिनं इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं. दोन्ही हातांनी पाट धरून तिनं हळूच फिरवला आणि पाणी उत्तरेला केलं.

बाहेर वीरभद्रनं हॉर्न वाजवला. "गंगासागर! बघून झालं का प्रदर्शन?"

"आले," ती म्हणाली, आणि पाट नीट बसला का, ते पुन्हा एकदा वाकून बघितलं.